सन्मतीच्या पिकअपचा कूलर

११ मे, रविवार. दुधगाव

सन्मतीची केमो संपली!

आण्णांनी सकाळी सांगितलं तेव्हा मी दात घासत होते. तशीच ब्रश तोंडात धरून त्याच्या खोलीत पळत गेले आणि भावाला मिठी मारली. तो म्हणाला, "आक्के, फेस लागतोय." डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, आता सलाइन नको, फक्त गोळ्या. पथ्यसुद्धा काही नाही. हवं ते खा, हवं तिकडं फीर. मला फोनवर का नाही कळवलं म्हणून विचारलं तर आण्णा म्हणाले, "तू येणारच हुतीस की." हे एक आमच्या घरात नेहमीचंच. मी शिरवळला नोकरीला गेल्यापासून घरातली कुठलीही गोष्ट मला शिळी होऊनच कळते.

दुपारी त्याला कुबड्या देऊन आमच्या रोपांच्या नर्सरीत फिरवून आणलं. कोपऱ्यातल्या शेडमध्ये त्याची पिकअप उभी आहे, टायरांवर कोकोपीटची धूळ बसलेली. गेल्या दिवाळीत त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला, तेव्हापासून ती हललेली नाही. आण्णांना रोपांचे ट्रे न्यायला साधी मालाची गाडी पाहिजे होती. ह्यानं हट्ट करून ही जुनी, मोठ्या इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरची आणली. ट्रे वाहिले सकाळी, आणि संध्याकाळी बंद सूतगिरणीच्या काँक्रीटच्या मैदानात जाऊन 'धूर काढला'. धूर काढणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी जागेवर धरायची आणि ॲक्सिलरेटर दाबून मागची चाकं तिथल्या तिथं घुमवायची. टायर जळतो, पांढरा ढग उठतो, पोरं शिट्ट्या मारतात. शेवटच्या वेळी गिअरबॉक्सचं तेल इतकं तापलं की वरून उतू गेलं आणि गाडी ओढून आणावी लागली. त्याच महिन्यात त्याचा गुडघा दुखायला लागला. ॲक्सिलरेटर दाबून दाबून दुखतोय, असंच आण्णा किती दिवस म्हणत होते.

आज बॉनेटवर हात ठेवून मला म्हणतो, "तुमच्या कंपनीत तेल थंड करायचे कूलर बनत्यात न्हवं? एक आण की."

"कशाला?"

"धूर काढायला. माझा एकच पाय हाय, तू चालव. मी शेजारी बसून सांगतो."

मी म्हटलं, तुझा नवा पाय बसला की तूच काढ, माझ्या मागं लागू नकोस. आणि आण्णा ऐकतील का? तर मागून आण्णांचा आवाज आला, "आण की गं एक."

मी वळून बघितलं. ते ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकत होते, मान खाली. माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.


२५ मे, रविवार

माझ्या लग्नावरून डोकं फिरलं आज.

श्रेणिकच्या घरचे जयसिंगपूरहून आले होते. ठरल्याप्रमाणे लग्न मार्गशीर्षात. पण आण्णांनी मध्येच काढलं, चातुर्मास बसायच्या आत उरकून घेऊ, जूनमध्येच. श्रेणिकच्या आईसुद्धा लगेच "चालंल की, आमची तयारी हाय" म्हणाल्या. जणू आधीच बोलून ठेवलेलं. श्रेणिक माझ्याकडं बघेना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, इतक्या घाईत नाही. सन्मतीचे केस येऊ देत, पाय बसू दे, नीट उभा राहू दे. मला तो वरातीत नाचायला पाहिजे.

सन्मती म्हणाला, "मी स्टुलावर बसून नाचंन की."

"गप. फोटोत टकलू नको मला."

सगळे हसले, पण जरा उशिरा हसले. आई उठून आत गेली आणि मिक्सर लावला. पाहुण्यांचं बोलणं ऐकू येईना म्हणून मी आत गेले, तर भांडं रिकामंच फिरत होतं. "आई, काय वाटतीयस?" "चटणी," म्हणाली. नारळ अजून फोडायचाच होता.

शेवटी मार्गशीर्षच ठरला. जिंकले. आण्णांनी पुढं एक शब्द काढला नाही. एरवी ते इतक्या लवकर ऐकत नाहीत.


८ जून, रविवार

कूलर मिळाला. आमच्या टेस्टिंगमध्ये पंख दबलेला एक पीस बाद झाला होता, साहेबांना विचारून घेतला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, तीन रेडिओ एकमेकांवर ठेवल्यासारखा दिसतो. सन्मती मांडीवर घेऊन बसला होता, बाळासारखा.

सकाळपासून सांगलीचा कृष्णात मेकॅनिक आणि आम्ही दोघं शेडमध्ये. सन्मती खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. दणकून भांडलो. त्याचं म्हणणं, कूलर पुढच्या जाळीत बसवला की झालं, वारा लागतोय. मी म्हटलं, अरे शहाण्या, धूर काढताना गाडी जागेवर उभी असते, वारा कुठला? पंखा पाहिजे, स्वतंत्र. चाकं घुमायच्या आधीचे क्षण तर सगळ्यात वाईट. इंजिनाची सगळी ताकद नुसतं तेल घुसळण्यात जाते. तो म्हणाला, "मग तुला कशाला आणलीया? बसव पंखा." दुसऱ्या भांडणात तो जिंकला. मी म्हणत होते तेल आधी कूलरमधून आणि मग रेडिएटरमधून जाऊ दे. तो म्हणाला उलटं कर, रेडिएटरनं जेवढं ओढायचं तेवढं ओढू दे, उरलंसुरलं आपला कूलर ओढंल. बरोबर होतं त्याचं. तसं मी कबूल केलं नाही.

कृष्णात जाताना त्याला म्हणाला, "आता उकळायचं न्हाई बघ गड्या, कवाबी." सन्मतीनं त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला.

बोलताना दम लागतो त्याला. मध्ये मध्ये खोकतो. केमोचा अशक्तपणा आहे, जायला वेळ लागेल. आईला म्हटलं, डॉक्टरांना खोकल्याचं औषध विचारा. ती "व्हय, विचारतो" म्हणाली.

आणि आजची सगळ्यात मोठी बातमी म्हणजे आईनं स्वतः गाड्यावर जाऊन सन्मतीला बटाटावडा आणून दिला. दिवस मावळल्यावर! ज्या घरात कांदा नाही, बटाटा नाही, दिवेलागणीनंतर पाण्याशिवाय काही नाही, त्या घरात. मी दहावीत मैत्रिणीकडं एक वडा खाल्ला होता तर माझ्याशी बोलणं सोडलं होतं हिनं. आज शेजारी बसून विचारत होती, "अजून एक आणू का रं?"


१४ जून

आजारपणात लाड समजू शकते. पण आता तो बरा होतोय ना? तरी सगळं तसंच. टॉवेल जमिनीवर, गोळ्यांची पाकिटं गादीखाली, दिवसभर झोपतो आणि कुणी काही बोलत नाही. व्यायाम नाही केला तर नव्या पायावर उभा कसा राहणार? मी आल्या आल्या खडसावलं. "लाडोबा झालायस तू. ऊठ, टॉवेल उचल." आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. तो मात्र कुबडी घेऊन उठला आणि हसत हसत टॉवेल उचलला. म्हणजे जमतंय त्याला. मीच वाईट व्हायचं या घरात.


२२ जून, रविवार

पहिली चाचणी. रहिमतपूरच्या एका शेतकऱ्याला ढोबळ्या मिरचीची रोपं पोचवायची होती. आण्णा म्हणाले, पिकअपच न्या, तेवढंच त्याचं फिरणं हुईल. मी चालवायला, सन्मती शेजारी.

डॅशबोर्डवर त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा काटा बसवून घेतलाय. सगळ्या वाटेत त्याची नजर काट्यावर. "नव्वद. ब्याण्णव. चढ आला बघ. पंच्याण्णव. थांबलं." पंखा लागला की टाळी वाजवायचा. पूर्वी इतक्याच मालाला एकशे दहाच्या वर जायचं म्हणे.

रिकाम्या रस्त्यावर मला डाव्या पायानं ब्रेक दाबायला शिकवलं. पहिल्यांदा इतका जोरात दाबला की दोघं पुढं आदळलो. त्याला हसता हसता खोकला लागला, थांबेना. गाडी कडेला घेतली, पाणी दिलं. रुमाल तोंडावर धरला होता, तो लगेच खिशात घातला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जायचं. "जाऊ की," म्हणाला.

रोपं उतरवताना त्या शेतकऱ्यानं विचारलं, "पाय बसवणार न्हवं पोराचा?" मी म्हटलं, पावसाळ्यानंतर. सन्मती दुसरीकडं बघत म्हणाला, "व्हय, पावसाळ्यानंतर."

परतताना झोपला. मान खिडकीला टेकलेली. इतका हलका दिसत होता की सीटबेल्टच त्याला धरून बसल्यासारखा वाटला. वजन वाढायला पाहिजे त्याचं. प्रोटीनची पावडर मागवलीय.


५ जुलै, शनिवार

काय लिहू.

मिरजेत पाय बनवून देणारे आहेत, त्यांना मी सकाळी फोन केला. माप घ्यायला इतका उशीर का, म्हणून भांडायलाच केला होता. तिकडच्या बाई म्हणाल्या, "दुधगावचे पाटील ना? त्यांच्या वडिलांनी मे महिन्यातच नको म्हणून सांगितलंय."

मी तशीच नर्सरीत गेले. आण्णा ट्रे भरत होते, चार बायका कामाला होत्या. सगळ्यांसमोर ओरडले, "आण्णा, पाय नको म्हणून तुमी सांगितलं? असा चालवणार त्याला जन्मभर? कुबड्यांवर?"

आण्णांनी हातातला ट्रे भरून पूर्ण केला. वरून हात फिरवून सपाट केला. मग बायकांना म्हणाले, "जरा च्या पिऊन या गं." त्या गेल्या. मी आणखी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

मग म्हणाले, "फुफ्फुसात गेलंय, बाळ. दोन्हीकडं."

"कवा?"

"एप्रिलातच दिसलं. औषधानं थांबंना म्हणून डॉक्टरनी बंद केलं सगळं."

मला तरी कळेना. मी म्हणाले, "मग दुसरं औषध? मुंबईला न्या. केमो संपली म्हणजे..." आणि तिथं माझ्याच तोंडातून माझं वाक्य मला ऐकू आलं.

आण्णांचे दोन्ही हात कोकोपीटनं माखलेले होते, त्यांना डोळे पुसता येईनात. मनगटानं पुसत होते. मी माझ्या ओढणीनं पुसले.

"मला का न्हाई सांगितलं?"

"त्यानंच सांगू दिलं न्हाई. शपथ घातली."

श्रेणिकला माहीत होतं. त्याच्या आईला माहीत होतं. म्हणून जूनमध्ये.


६ जुलै, रविवार

रात्रभर त्याच्याशी काय बोलायचं ते ठरवत होते. सकाळी आत गेले तर तो जागाच. माझं तोंड बघून म्हणाला, "कळलं व्हय?"

मी खाली बसले. तो पलंगावर, मी जमिनीवर.

"तुला कवापास्नं म्हाईत हाय?"

"डॉक्टरनी मलाच पैल्यांदा सांगितलं. मीच आण्णांना सांगितलं."

"आणि मी कोण हाय? शेजारीण? सगळ्या गावाला म्हाईत, मी तेवढी येडी. वजन वाढाय पावडर आणती, पायासाठी फोन करती. हसत असशील."

"एकदा बी हसलो न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून दम घेतला. "आक्के, घरात सगळी हळू बोलाय लागली गं. आण्णांनी गाडीची किल्ली विहिरीत टाकायची धमकी दिलती मला, आठवतंय? तेच आण्णा किल्ली पुसून हातात आणून द्यायला लागले. आई वडा आणती. मित्र येत्यात ते पाच मिनिटं बसून घड्याळ बघत्यात. तू एकटीच भांडायचीस. टॉवेल उचल, लाडोबा झालायस, फोटोत टकलू नको. शनिवारची वाट बघायचो मी. तू आलीस की मला वाटायचं, मला काय झालंच न्हाई."

मी त्याची घसरलेली चादर वर ओढली.

"आता तू बी हळू बोलणार का?" त्यानं विचारलं.

टॉवेल जमिनीवरच पडला होता. मी म्हटलं, "टॉवेल उचल."

उचलला त्यानं. वेळ लागला, पण मी मदत केली नाही. मग न्हाणीघरात गेले आणि दोन्ही नळ सोडून बसले.


८ जुलै

रजा टाकली. साहेबांना कारण सांगताना 'भाऊ आजारी' एवढंच सांगितलं. श्रेणिकचा फोन उचलला नाही दोन दिवस. आज उचलला. म्हणाला, "रोज वाटायचं सांगावं." मी म्हटलं, "मग का नाही सांगितलंस?" म्हणाला, "सन्मतीनं मला एकदाच काहीतरी मागितलं होतं." मी चिडलेली आहे अजून. पण फोन ठेवला नाही.

लग्न लगेच करू, असं मी आज सन्मतीला म्हणाले. घरातच, चार माणसांत. तो भडकला. "माझ्यासाठी उरकायचं न्हाई. मार्गशीर्ष ठरलाय, मार्गशीर्षातच करायचं. मी काय तुझा मुहूर्त हाय व्हय?" मला मे महिन्यातला तो दिवस परत पाहिजे. फक्त तेवढा एक दिवस. मी 'हो' म्हटलं असतं तर आज फोटोत तो असता, टकलू तर टकलू.


१३ जुलै, रविवार

आज धूर काढला.

पाऊस तीन दिवस उघडला होता, काँक्रीट वाळलेलं. कृष्णातनं झिजलेले दोन टायर मागं चढवून दिले. सूतगिरणीच्या राखणदाराला आण्णांनीच विचारलं. आण्णांनी! "पोराला जरा गाडी घुमवायची हाय," असं म्हणाले त्याला.

सन्मतीला आण्णा आणि कृष्णातनं उचलून माझ्या शेजारी बसवलं. ऑक्सिजनचं नळकांडं आता घरात आलंय, पण ते आणायचं नाही म्हणाला. डॉक्टरांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, काचा बंद ठेवा आणि त्याला जे करायचंय ते करू द्या. त्यांचा आवाजही हळूच होता. तोंडावर मास्क बांधला त्याच्या. आई येणार नव्हती. शेवटच्या क्षणी चप्पल घालून गाडीत येऊन बसली आणि तिथं गेल्यावर उतरून लांब भिंतीजवळ उभी राहिली.

मागचं चाक सुटायला खाली ओलं लागतं. आण्णांनी नर्सरीतली झारी आणली होती. बारीक छिद्रांची, कोवळ्या रोपांवर पाणी घालायची. वाकून दोन्ही टायरांखाली सावकाश पाणी शिंपडलं त्यांनी, सगळीकडं सारखं, वाफ्यावर घालतात तसं. मग मागं सरकून उभे राहिले. झारी हातातच.

"डावा पाय ब्रेकवर. दाब. अजून. आता उजवा हळू. घाबरती काय?"

"तू गप बस, मला करू दे."

"शंभर. एकशे चार. दाब की आक्के, तेल नुसतं घुसळायलंय, चाक सुटू दे!"

गाडी थरथरत होती. मागून कुणीतरी ढकलतंय आणि पुढून कुणीतरी धरून ठेवलंय असं. मी म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही. तो ओरडला, खरोखर ओरडला, कुठून आणला एवढा आवाज कुणास ठाऊक, "पुरा दाब!"

दाबला. मागं काहीतरी सुटल्यासारखं झालं. इंजिनाचा आवाज एकदम वर गेला, टायर किंचाळले, आणि आरशात आण्णा दिसेनासे झाले. सगळं पांढरं. काचांच्या बाहेर काही उरलंच नाही. गाडीत आम्ही दोघं आणि तो काटा.

"एकशे दहा! एकशे बारा! सोडू नको! एकशे चौदा... थांबलं! आक्के, थांबलं बघ, चढंना!"

जळक्या रबराचा वास आत आलाच. त्याला खोकला आला. माझा पाय सुटायला लागला तर त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली, जोरात. मी सोडला नाही. मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक त्यालाच शिव्या देत होते. तो मास्कच्या आत हसत होता आणि खोकत होता, दोन्ही एकदम.

मग हात वर केला. मी पाय काढला.

"न्यूट्रलला टाक. इंजिन बंद करू नको, तेल फिरू दे."

धूर हळूहळू विरळ होत गेला. पंखा घोंघावत होता. तो काचेकडं, बाहेर, कुठंच बघत नव्हता. काटा उतरताना बघत होता. "एकशे आठ. एकशे दोन. उतरतंय. अठ्ठ्याण्णव." त्याच्या मास्कवर आतून लाल ठिपका उमटला होता. मी पाहिला, त्यानं मला पाहताना पाहिलं. मी म्हटलं, "काय बघतोस? तुझ्यापेक्षा चांगला काढला मी." तो म्हणाला, "हुं. पैल्या वेळेला बरा हाय."

आण्णा धुरातून चालत आले. पांढऱ्या सदऱ्यावर सगळीकडं रबराचे काळे कण. सन्मतीच्या बाजूच्या काचेवर टकटक केलं. मला वाटलं, आता घरी चला म्हणणार. काच थोडी खाली केली तर वाकून म्हणाले, "अजून एकदा काढायचा का रं?"

परत झारीनं पाणी घातलं. दुसऱ्या वेळेला डावा टायर फुटला. त्या आवाजानं आई भिंतीजवळून पळत आली, आम्ही सगळे सुखरूप दिसल्यावर तिथंच मधे उभी राहिली आणि रडली. पाय काढल्यावरसुद्धा ती आमच्यासमोर रडली नव्हती.


२० जुलै

दिवसभर ऑक्सिजन. आम्ही भांडतो. तो कुजबुजत भांडतो, मी मोठ्यानं. आज विषय होता पिकअपला कुठला रंग द्यायचा.


२९ जुलै

भांडायलाही दम पुरत नाही त्याला. मग मी दोन्ही बाजूंनी भांडते. "तू म्हणणार निळा. मी सांगते निळा घाण दिसतो. तू म्हणणार तुला काय कळतंय. मला कळतंय." तो बोटानं नाही म्हणतो, किंवा हो.

आई त्याच्या पायथ्याशी बसून णमोकार म्हणते. त्याला आवडतं ते. म्हणजे, ती म्हणायला लागली की डोळे मिटतो.


७ ऑगस्ट

सन्मती गेला. सकाळी, दूधवाला नुकताच येऊन गेला होता. आई दूध तापवत होती, आण्णा त्याचा हात धरून होते. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आण्णा म्हणाले, "ये." त्यांनी हळू आवाजात म्हटलं नाही. नेहमीसारखं म्हटलं, जेवायला हाक मारतात तसं.


१९ ऑगस्ट

लोक येऊन जातात. प्रत्येक जण विचारतो, शेवटी त्रास झाला का. आण्णा न्हाई म्हणतात.

आज सकाळी उठले तर आण्णा नर्सरीत. गिऱ्हाईकं थांबली होती, रोपं थांबत नाहीत. एक जण ऊसरोपं न्यायला आला आणि त्यानं शेडमधल्या पिकअपबद्दल विचारलं, द्यायची आहे का. आण्णा म्हणाले, "माझ्या लेकीला इचारा, तिची हाय." मला हे माहीत नव्हतं. मी नाही म्हणून सांगितलं. नंतर आत जाऊन बसले. काटा शून्यावर होता. चालू केली नाही.

मला सगळ्यात जास्त शनिवारचा राग येतो. तो येतोच.


१ सप्टेंबर, सोमवार. शिरवळ

आजपासून कामावर. साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं असणार. आत शिरले तशी टेस्टिंगमधली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. कुणी खुर्ची पुढं केली, कुणी माझं काम आधीच करून ठेवलं होतं. चांगली माणसं आहेत. मला दोन तास बसणं कठीण झालं.

अकराला कॅन्टीनला गेले. तिथं चहा देणाऱ्या मंगलताई परत आल्या होत्या. त्या एप्रिलच्या शेवटी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या तिकडं पाचगणीला, त्या आजच आल्या. मला बघून लांबूनच हाक मारली, "आवं प्राचीताई! कुठं असता? नातू झाला मला!" फोन काढून फोटो दाखवले. मी बघितले. गुबगुबीत आहे. मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "आणि तुमचा भाऊ कसा हाय? पाय बसवायचा हुता न्हवं त्याचा?"

आजूबाजूच्या टेबलांवर एकदम शांत झालं. कुणीतरी मंगलताईंना खुणावायला उठलंसुद्धा. मी त्याच्याकडं बघून मान हलवली, बस म्हणून.

"बरा आहे," मी म्हटलं. "पाय दिवाळीनंतर बसवणार."

"बरं झालं बाई. काय करतो दिवसभर?"

"झोपा काढतो. टॉवेल जिथल्या तिथं टाकतो. आणि पिकअपचं खूळ आहेच. माझ्याकडून कूलर बसवून घेतला."

"पोरं अशीच असत्यात. तुमचं लगीन कवा?"

"मार्गशीर्षात."

"मग नाचवा त्याला वरातीत."

"नाचवणार ना," मी म्हटलं. "स्टुलावर बसून नाचतो म्हणतोय. मी म्हटलं, ते काही चालणार नाही, उभं राहूनच नाचायचं."

मंगलताई हसल्या. मीही हसले. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि समोर बसल्या, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघी त्याला नावं ठेवत होतो.